एकोणिसाव्या मजल्यावरचं मत

लिफ्ट चालू असली की बिल्डिंगमध्ये मला कुणी ओळखत नसे. ती बंद पडली की सगळ्यांना माझं आडनाव पाठ. एरवी ज्या कॅनडियन जिभांना 'ळ' झेपत नाही, त्यासुद्धा रागाच्या भरात तो बरोबर काढायच्या. नॉर्थ यॉर्कमधल्या एका उंच कॉन्डोची मी बरीच वर्षं मॅनेजर होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि फोन वाजायचा थांबला. पहिले काही आठवडे मी उगाच तो उचलून बघायचे, बिघडलाय की काय म्हणून.

लिही म्हणून ठाण्याच्या धाकट्या बहिणीनं भरीला घातलं. तिच्या मते दिवाळी अंकात कॅनडाचा लेख म्हटलं की बर्फ पाहिजे, मेपलची लाल पानं पाहिजेत. म्हटलं, बाई गं, पानांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिफ्टबद्दल लिहायचंय.

आधी हे काम काय ते सांगते. कॉन्डो म्हणजे आपली हाउसिंग सोसायटीच. घराच्या आतलं तुमचं, भिंतीबाहेरचं सगळ्यांचं. छप्पर, पाइप, लॉबी, पार्किंग, लिफ्ट सगळ्यांची. 'सगळ्यांचं' हा शब्द कानाला गोड लागतो, पण पाइप फुटला की सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. मालकांमधून एक बोर्ड निवडून येतं. बोर्ड निर्णय घेतं आणि त्या निर्णयापायी शिव्या खायला पगारी मॅनेजर ठेवलेली असते. या कामाला लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागते. शिव्या कशा खायच्या हे परीक्षेत विचारत नाहीत. ते माझं मी शिकले.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ बर्फ काढणाऱ्या गाडीच्या आवाजानं पहाटे जाग येते म्हणून दर हिवाळ्यात तक्रार करायचे. मी एकदा म्हटलं, बर्फ रात्रीच पडतो हो, त्याला काय करू? तर म्हणाले, ते बोर्डापुढे मांडा. नागपूरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर आणि सूनबाई तव्यावर ठेच्याच्या मिरच्या भाजतेय. घरभर धूर झाला म्हणून पोरीनं कॉरिडॉरचं दार उघडलं, त्याबरोबर फायर अलार्म. ऐन जानेवारीत अख्खी बिल्डिंग पायजम्यांवर खाली. मला बघून ती रडकुंडीला आली, म्हणाली, "काकू, तुम्ही आपल्याच आहात, सांभाळून घ्या." घेतलं सांभाळून. रिपोर्टात 'कुकिंग' एवढंच लिहिलं आणि धूर झाला की खिडकी उघडायची, दार नाही, हे तिला शिकवलं.

पण सांगायचंय ते हान यांच्याबद्दल.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त घरं चिनी लोकांची. बाहेरच्यांना ते सगळे एकच 'चायनीज'. प्रत्यक्षात मेनलँडचे वेगळे, हाँगकाँगचे वेगळे, तैवानचे वेगळे, आणि लिफ्टमध्ये एकत्र उभे राहिले तरी एकमेकांशी बोलतील याची खात्री नाही. मला हे लवकर कळलं, कारण आपणही तिथे सगळे 'इंडियन'च असतो.

हान एकोणिसाव्या मजल्यावर राहायचे. शेनयांग नावाच्या शहरात वीजकेंद्रावर बॉयलरचे इंजिनिअर म्हणून उभी हयात गेलेली. मुलानं इथे बोलावून घेतलं, घर आईवडिलांच्या नावावर केलं, आणि मग स्वतः परत गेला. इथल्यापेक्षा चांगली नोकरी त्याला शेनजेनमध्ये मिळाली. आपण ज्या देशात यायला धडपडतो तिथून हा मुलगा उलटा गेला, आणि आईवडील मात्र इथे राहिले. आईला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलेला, इथले डॉक्टर चालू होते, आणि मुलगा दरवर्षी सांगायचा की पुढच्या वर्षी काहीतरी ठरवू. माझा मुलगा मॉन्ट्रियलला आहे, विमानांच्या कंपनीत. सून तिकडचीच, नातू फ्रेंच बोलतो. रविवारी स्क्रीनवर तो मला 'बोंजूर आजी' म्हणतो आणि मग आम्ही दोघंही हसत बसतो, कारण त्यापुढे आमच्यात भाषा नाही. त्यामुळे हान यांना मला फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांच्या पत्नी शूलान. वॉकर धरून चालायच्या. रोज सकाळी हान त्यांना खाली आणायचे आणि दोघं समोरच्या मॉलमध्ये जायची. तिथे चिनी म्हाताऱ्यांचा एक कंपू दुकानं उघडायच्या आत फेऱ्या मारतो आणि मग फूड कोर्टात तास न् तास गप्पा हाणतो. शूलानना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना बोलायला माणसं असायची. लिफ्ट चालू असली की त्या खाली, नाहीतर खिडकीपाशी. त्या बाईचं सगळं जगणं त्या लिफ्टवर अडकलेलं होतं, आणि लिफ्ट माझ्याकडे.

लिफ्ट दोन. बिल्डिंगच्या वयाच्या. त्यांचे भाग बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. मेकॅनिक यायचा, कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीतून काढलेला तुकडा बसवायचा आणि जाताना म्हणायचा, मॅडम, आता हात टेकले. दोन्ही नव्या बसवायच्या तर साठलेला निधी पुरेना, कर्ज काढायला हवं. आणि कर्जाचा नियम असा की एकूण घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांनी 'हो' म्हणायला पाहिजे. हजर राहिलेल्यांपैकी नव्हे, एकूण घरांपैकी. जो आलाच नाही त्यानं 'नाही' म्हटलं असंच धरायचं. वर मॅनेजरनं कुणाकडे मत मागायचं नाही हा आणखी एक नियम. मी दारोदार जाऊन 'मीटिंगला या' एवढंच म्हणू शकत होते. आल्यावर काय करा, त्यावर तोंडाला कुलूप.

तशीच एकदा हान यांच्या दारात गेले. त्यांनी आत बोलावलं आणि कपभर गरम पाणी पुढे ठेवलं. चहा नाही, कॉफी नाही, नुसतं गरम पाणी. मी मनात म्हटलं, काय हा कंजूषपणा. पुढे कळलं की तोच त्यांचा पाहुणचार, आणि बाहेर उणे वीस असताना तो फार बरा लागतो. शूलाननी वाफवलेले मोदकासारखे काहीतरी आणून ठेवले. आत डुकराचं मांस असेल का असं मी हातवारे करून विचारलं, त्यांनी हातवारे करूनच कोबी असल्याचं सांगितलं, आणि ते इतके चांगले होते की मी आणखी मागून घेतले.

मीटिंगचं आमंत्रण दिल्यावर हान हसले. म्हणाले, मॅनेजर (ते मला कधीच नावानं बोलावत नसत), बॉयलर बिघडला तर आम्ही कामगारांचं मतदान नाही घ्यायचो. ज्याला बॉयलर कळतो तो ठरवायचा. चुकलं तर त्याची मान. लिफ्ट मेली आहे हे सगळ्यांना दिसतंय, मग विचारायचं काय त्यात? मी म्हटलं, बॉयलर कळणारा ठरवेल हो, पण बॉयलरजवळ राहणाऱ्यांनाही कधीतरी विचारावं लागतं. त्यावर त्यांनी मान डोलावली, ती पटलं म्हणून नव्हे, पाहुणी आहे म्हणून.

मग ते वारंवार ऑफिसात यायला लागले. कधी हीटिंगची तक्रार, कधी काहीच नाही. लहानपणी धान्याला कुपन, कापडाला कुपन, खोलीत एक दिवा आणि तोही लवकर विझवायचा, हे त्यांनी सांगितलं. आता नातू ज्या इमारतीत राहतो तिला सहा लिफ्ट आहेत, आणि एक बिघडली तर जेवणाच्या आत दुरुस्त होते, हेही. त्यांचं म्हणणं एकच, की देशात उलथापालथ झाली नाही, रोजचा दिवस कालच्यासारखा गेला, तर माणसं आपोआप वर येतात. पोट भरलं, पोरं शिकली, म्हातारी माणसं उन्हात बसली, आणखी सरकारनं काय करायचं असतं? मी वाद घालायचे. मला वाद घालायला आवडतं आणि घरी वाद घालायला कुणी उरलं नव्हतं, आमचे हे जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पण सगळे मुद्दे काही माझ्याकडे नव्हते. आणीबाणीत मी कॉलेजात होते. वडील टपाल खात्यात. कचेऱ्या वेळेवर उघडतात, माणसं शिस्तीत आली, असं ते कौतुकानं सांगायचे. शेजारच्या मास्तरांना एक दिवस पोलीस घेऊन गेले, त्यानंतर कौतुक थांबलं, पण मास्तरांच्या बायकोशी आमचं जिन्यात बोलणंही थांबलं. हे मी हान यांना सांगितलं. ते म्हणाले की तुमचे वडील समजूतदार होते. मला ते बोचलं.

मीटिंग पार्टी रूममध्ये झाली. कॉफी, बिस्किटं, घडीच्या खुर्च्या. बोर्डाचे अध्यक्ष डग्लस म्हणून होते, विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले. माणूस भला, पण लोकशाहीच्या कौतुकाला अंत नाही. गुप्त मतदान त्यांना पसंत नसे. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसमोर उघड हात वर करावा, त्यात लपवायचं काय, असं त्यांचं मत, आणि बिल्डिंगची चालही तीच होती. मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या सभेत हात वर करा म्हणायचीच सोय नव्हती, लोक आधीच दोन्ही हात वर करून भांडत असायचे.

चिनी मालक मोठ्या संख्येनं आले. अंगातले कोट न काढता रांगेत बसले, सगळं शांतपणे ऐकलं. डग्लसनी विचारलं, कर्जाच्या बाजूचे कोण? इराणी, कोरियन, आपले, गोरे यांचे हात वर. चिनी रांगांमधून एकही नाही. विरुद्ध कोण? तिथेही नाही. हात मांडीवर तसेच. शेवटच्या रांगेत हान बसले होते, ज्यांच्या बायकोसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, त्यांचाही हात मांडीवरच. प्रस्ताव पडला. सगळे गेल्यावर डग्लस बिस्किटं डब्यात भरताना म्हणाले की बिचाऱ्यांना सवय नाही, त्यांच्याकडे असलं काही नसतं ना. मला हान यांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले तेव्हा मी सरळ विचारलं. लिफ्ट तुम्हाला हवी आहे की नको? हवी असेल तर हात का नाही वर केलात?

ते खुर्चीत बसले. त्यांचं इंग्रजी तुटक. त्यांनी सावकाश सांगितलं ते असं. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत ते शाळेत होते. वडील त्याच शाळेत गणित शिकवायचे. एक दिवस मैदानावर सभा भरली. वडिलांच्या गळ्यात पाटी, मान खाली. हा माणूस जनतेचा शत्रू आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा, असं पुकारलं. सगळ्या शाळेनं हात वर केले.

"मी पण केला," हान म्हणाले. "बाबांनी मान वर करून मला शोधलं. माझा हात बघितला. आणि मान हलवली. म्हणजे, शाब्बास. बरोबर केलंस."

वडील पुष्कळ वर्षांनी परत आले. त्या दिवसाबद्दल दोघं कधीही बोलले नाहीत.

"माझ्या वयाच्या प्रत्येकाकडे अशी एक सभा आहे, मॅनेजर. आम्ही एकमेकांना विचारत नाही. तुम्ही लोक नुसत्या शांत दिवसाला किंमत देत नाही. आम्ही देतो."

मी त्यांना गरम पाणी दिलं. ऑफिसात दुसरं काही नव्हतंच, पण असतं तरी तेच दिलं असतं. एवढी वर्षं त्या रांगा माझ्यासमोर बसत होत्या आणि मी त्यांच्या बेपर्वाईबद्दल मनातल्या मनात बोटं मोडत होते.

आता उपाय साधा होता. कुणाही मालकानं मागणी केली तर मतदान कागदावर, घडी घालून, पेटीत घेता येतं. पण मागणी करायची म्हणजे उभं राहून बोलायचं, आणि ते हान करणार नव्हते. ती मागणी केली आठव्या मजल्यावरच्या चॅनबाईंनी. त्या हाँगकाँगच्या. मत देणं हा त्यांचा जीव की प्राण, ग्रंथालयाच्या समितीपासून पार्लमेंटपर्यंत एक निवडणूक सोडायच्या नाहीत. हान आणि त्या एकमेकांना बघितलं की लॉबीत वेगवेगळ्या दिशांना जायचे. त्यांच्या मते हान हे हुकूमशाहीचे भाट, आणि हान यांच्या मते बाईंना फुकट गोंधळ घालायची हौस होती. मी मधे पडले नाही, नियमानं पडताही येत नव्हतं. पण लिफ्ट बंद असताना आठ मजले चढून गेल्यावर चॅनबाईंना एकोणीस मजले काय असतील याचा अंदाज आला असणार. त्या आपणहून वर गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. आठवडाभरात लॉबीत दोघं शेजारी उभी दिसली, अजूनही तोंडं दोन दिशांना, पण मतदानाचं समजवायला बाईंनी कॅन्टनीज बोलणारी घरं घ्यायची आणि हान यांनी मँडरीन बोलणारी, असं वाटप ठरलेलं. पुढच्या मीटिंगची तारीख लागली.

तारखेच्या आधी ऐन थंडीत एका दुपारी दोन्ही लिफ्ट एकदम बंद पडल्या. मी मेकॅनिकशी फोनवर भांडत होते तेव्हाच अँब्युलन्स दारात आली. शूलानना दुसरा झटका आला होता. अँब्युलन्सची माणसं आणि मागून फायर ब्रिगेडवाले एकोणीस मजले चढून गेले. शूलानना पट्ट्यांनी खुर्चीला बांधून जिन्यानं खाली आणलं. मी प्रत्येक मजल्याचं दार धरून पुढे धावत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शूलान यांचे डोळे उघडे होते. लॉबीतून नेताना त्यांनी एक हात थोडासा उचलला, मला की कुणाला, कोण जाणे.

जिन्यात गेलेल्या त्या वेळानं काही फरक पडला का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. हान यांनीही विचारलं नाही. ते मला एवढंच म्हणाले, "आमच्याकडे हे एका सहीचं काम होतं."

तरी माझी जीभ गप्प बसेना. म्हटलं, "आणि सही करणाऱ्याला नको असती तर?"

"तर झालं नसतं. पण मग मी वाट बघत बसलो नसतो."



मला वाटलं आता हे मतांच्या मागे फिरणार नाहीत. पण दिवसभर हॉस्पिटलात बसून संध्याकाळी ते दारं वाजवायला लागले. कागदाची घडी घालायची, नाव लिहायचं नाही, कुणाला कळणार नाही, हे प्रत्येक घरात समजावून सांगायचे. घर भाड्यानं देऊन परदेशात राहणाऱ्या मालकांना त्यांनी फोनवर गाठलं, पहाट-रात्र न बघता. मी विचारलं, हे का करताय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही प्रश्नच वेडेपणाचा होता. ती घरी येईल तेव्हा लिफ्ट नको का, म्हणाले.

प्रस्ताव मंजूर झाला. पेटी फोडली तेव्हा घड्या इतक्या बारीक घातलेल्या की उलगडताना नखं दुखली. डग्लसनी लोकशाहीच्या विजयावर छोटंसं भाषण केलं, चॅनबाईंनी टाळ्या वाजवल्या. हान मागच्या दारानं केव्हाच निघून गेले होते, हॉस्पिटलची शेवटची बस चुकू नये म्हणून.

मंजुरी मिळाली म्हणजे लिफ्ट आली असं नसतं. कंत्राट, ऑर्डर, परदेशातून येणारे भाग, इन्स्पेक्टरची तारीख. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. दरम्यान हॉस्पिटलनं सांगून टाकलं की शूलानना उठवायला-बसवायला आता दोन माणसं लागणार, तेही चोवीस तास, आणि घरी एकटा म्हातारा नवरा. त्यांना स्कारबरोतल्या एका नर्सिंग होममध्ये जागा मिळाली. तळमजल्यावर. मुलगा शेनजेनहून आठवड्यासाठी आला, कागदपत्रं केली, आईच्या हातावर हात ठेवून बसला आणि परत गेला. त्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार? माझाही मुलगा तेवढाच येतो.

नवी लिफ्ट सुरू झाली तो माझ्या नोकरीचा शेवटचा महिना. आतमध्ये लखलखीत आरसा, मजल्याचं नाव बोलून दाखवणारा आवाज. वरातीमागून घोडं, पण घोडं देखणं. बोर्डानं लॉबीत केक ठेवला होता. मी हान यांना बोलावायला वर गेले. त्यांनी कोट घातलेलाच होता, हातात संत्र्यांची पिशवी. केक नको म्हणाले. आम्ही दोघंच खाली आलो. कुठेही न थांबता, न हिसकता. "चांगलं काम झालंय," त्यांनी इंजिनिअरच्या आवाजात सांगितलं, आणि मग विचारलं, "मॅनेजर, वेळ आहे? येता माझ्याबरोबर?"

वेळच वेळ होता. आम्ही बसनं गेलो. शूलान चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी. भोवती पाच-सात म्हाताऱ्या, सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या, टीव्ही मोठ्यांदा लावलेला. नर्स गोड होती, 'स्वीटहार्ट' म्हणून त्यांच्याशी बोलायची. शूलान तिच्याकडे बघून हसायच्या आणि पुन्हा खिडकीकडे वळायच्या. मला त्यांनी ओळखलं. चेहरा एका बाजूनं ओढलेला, पण डोळे तेच. त्यांनी हान यांना काहीतरी विचारलं. हान संत्रं सोलत होते. मान वर न करता त्यांनी उत्तर दिलं.

"ती विचारतेय, लिफ्ट झाली का," ते मला इंग्रजीत म्हणाले. "रोज विचारते. झाली म्हटलं तर आजच घरी चल म्हणेल. म्हणून सांगतो, अजून मीटिंगा चालू आहेत. त्यावर तिचा लगेच विश्वास बसतो."

शूलान आता माझ्याकडे बघत होत्या. मी मॅनेजर. खरं काय ते मला माहीत असणार.

उभ्या नोकरीत मी बोर्डाला, मालकांना, इन्स्पेक्टरला खोटं सांगितलं नव्हतं, त्याचा मला थोडा गर्वही होता. मी मान हलवली. नाही, अजून नाही. आणि हवेत हात वर करून, बोटं मोजल्यासारखं करून, त्यांना मीटिंग दाखवली.

त्यांनी समजल्यासारखं केलं. ओढलेल्या तोंडानं, शब्द जुळवत, हळूहळू बरंच काही बोलल्या. हान यांचा संत्र्यावरचा हात थांबला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, मॅनेजरला सांगा, माझ्यासाठी घाई करू नका. सगळ्यांना नीट विचारून करा."

मी हो म्हटलं.